एका सेकंदात १२० फेरे

२०१३ सालचा फेब्रुवारी महिना. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी एक पतसंस्था आहे, तिचा सर्व्हर तेव्हा मी सांभाळत असे. संध्याकाळी साडेसहाला मॅनेजरांचा फोन आला. "सर, पिग्मीचे एजंट दारापर्यंत रांगेत उभे आहेत. एकेका मशीनला वीस-पंचवीस सेकंद लागतायत. रोज मशीन ठेवलं की झालं, असं असायचं. काल रात्री तुम्ही काय केलंत?"

काल रात्री मी सर्व्हरचं कर्नेल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामध्ये बसून कारभार चालवणारा लिनक्सचा गाभा, बदललं होतं. तेवढंच केलं होतं.

पिग्मीचं काम ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एजंट दिवसभर बाजारपेठेत फिरतो. चहाच्या गाड्यापासून सराफाच्या पेढीपर्यंत ज्याची जशी ऐपत तशी रोजची रक्कम गोळा करतो आणि हातातल्या छोट्या मशीनवर पावती काढून देतो. संध्याकाळी संस्थेत येऊन तो मशीन जोडतो, दिवसभराच्या पावत्या सर्व्हरवर चढतात, मशीन रिकामं होतं. मग कॅशियर ताई चढलेल्या बेरजेशी रोकड ताडून घेतात. एकेका एजंटच्या दोनशे-अडीचशे पावत्या असत. त्यामुळे एका मशीनमागे वीस सेकंद वाढले तरी रांग रस्त्यावर जाते, आणि दिवसभर उन्हात फिरून आलेली माणसं तिथं ताटकळत उभी राहतात.

त्या रात्री दिवसअखेरचं काम चालवलं. एरवी दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या कामाला सतरा मिनिटं लागली. ३१ मार्चला सहा आठवडे उरले होते.

कर्नेल बदलण्यामागे कारण होतं. सर्व्हरवर डेबियन ६ हे लिनक्स होतं, म्हणजे कर्नेल २.६.३२. जानेवारीत मदरबोर्ड जळाला आणि नवीन बसवला. त्या बोर्डावरची नेटवर्क चिप जुन्या कर्नेलला ओळखता येईना, म्हणून तीन आठवडे मी वेगळं कार्ड खोचून काम भागवलं. शेवटी डेबियनच्या बॅकपोर्ट्समधून, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी नव्या गोष्टी ठेवतात त्या साठ्यातून, ३.२ कर्नेल घेतलं. डिस्क त्याच, डिस्कवर फाइली मांडणारी फाइल सिस्टीम तीच ईएक्सटी-३, डेटाबेस तोच पोस्टग्रेस ८.४. नवीन बोर्डावर जुनं कर्नेल तीन आठवडे नीट चाललं होतं, म्हणून बोर्डावर संशय घ्यायला जागा नव्हती. नेटवर्कची चिप सोडली तर बदललेली वस्तू एकच होती. तपास करणाऱ्याला इतकी सोय क्वचित मिळते, आणि तरीही मूळ कारणापर्यंत पोचायला मला चार दिवस लागले.

पहिला संशय नेटवर्कवर गेला, कारण वेगळं कार्ड काढून मी बोर्डावरची चिप सुरू केली होती. पण सर्व्हरवरच बसून, नेटवर्क मध्ये न आणता, तीच प्रक्रिया चालवली तरी तितकीच हळू चालली. तो संशय अर्ध्या तासात मिटला.

दुसरा संशय मला जास्त पटला होता आणि त्यातच दोन दिवस गेले. लिनक्स आपण लिहिलेलं लगेच डिस्कवर टाकत नाही, आधी मेमरीत ठेवतं. अशा न उतरवलेल्या पानांना डर्टी पानं म्हणतात. ती फार साठली की लिहिणाऱ्या प्रोग्रामला कर्नेल थोपवून धरतं. ही थोपवण्याची पद्धत कर्नेलवर काम करणारे वू फेंगग्वांग यांनी नव्यानं लिहिली आणि ती नेमकी ३.२ मध्ये आली होती. मला वाटलं, सापडलं! डर्टी रेशो, म्हणजे अशी पानं किती साठू द्यायची ती मर्यादा, वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, बॅकग्राउंड रेशो बदलला. काडीचा फरक पडला नाही. मग डिस्कचा शेड्युलर, म्हणजे डिस्कची कामं कुठल्या क्रमानं करायची ते ठरवणारी पद्धत, सीएफक्यूवरून डेडलाइनवर नेला. थोडा इकडे-तिकडे फरक दिसला, पण वीस सेकंदांचे दोन काही होईनात.

या दोन दिवसांतली माझी चूक नीट सांगायला हवी, कारण ती पुष्कळांकडून होते. "लिहिणं मंदावलं" हे वाक्य मी जसंच्या तसं धरून बसलो होतो. कुठलं लिहिणं, हे विचारलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी विचारलं. डीडी ही लिनक्सची आज्ञा वापरून १ जीबीची फाइल लिहिली आणि शेवटी एकदाच ती डिस्कवर उतरवायला लावली. दोन्ही कर्नेलांवर वेळ जवळपास सारखा. मग तेच डीडी वेगळ्या रीतीनं चालवलं: ८ केबीचे १००० तुकडे आणि प्रत्येक तुकड्यानंतर "डिस्कवर पोचल्याशिवाय पुढं जायचं नाही" अशी अट. त्यासाठी डीसिंक नावाचा पर्याय असतो. जुन्या कर्नेलवर ०.९ सेकंद. नव्या कर्नेलवर २४ सेकंद.

म्हणजे मोठं लिखाण ठीक होतं. जे लिखाण "खात्रीनं पोचलं का" असं विचारतं, तेच अडत होतं. डर्टी पानांचा इथं काही संबंधच नव्हता, कारण असं लिखाण मेमरीत रेंगाळतच नाही.

प्रोग्राम कर्नेलला कोणत्या हाका मारतो ते दाखवणारं एसट्रेस पोस्टग्रेसच्या प्रोसेसवर लावून बसलो. पावती चढताना पडद्यावर एकाखाली एक ओळी येत होत्या आणि प्रत्येक एफडेटासिंकपुढं वेळ दिसत होता: १६ मिलिसेकंद, १७, २४, १६, १७. बाकीच्या सगळ्या हाका मिलिसेकंदाच्या आत. सगळा वेळ एकाच ठिकाणी जात होता. एफडेटासिंक म्हणजे प्रोग्रामनं कर्नेलला केलेली विनंती: हे डिस्कवर गेल्याशिवाय मला उत्तर देऊ नकोस. पोस्टग्रेस प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंद पक्की करताना, ही विनंती करतं. आणि त्या पिग्मीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पावतीमागे पाच वेगवेगळ्या आज्ञा होत्या: पावतीची नोंद, खात्यातली शिल्लक, एजंटची बेरीज, अनुक्रमांक आणि तपासणीसाठीची नोंद. पाचही आज्ञांचं कमिट स्वतंत्र. २४० पावत्या म्हणजे १,२०० कमिट. प्रत्येकी १७ मिलिसेकंद धरले तर वीस सेकंद. मॅनेजर फोनवर जे सांगत होते तेच कागदावर उतरलं.

इथपर्यंत मी नवीन कर्नेल मंद का झालं, हेच शोधत होतो. त्या दुपारी कागदावर आणखी एक हिशेब मांडला आणि सगळं उलटं दिसायला लागलं.

डिस्क ७,२०० आरपीएमच्या होत्या. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा. एक तुकडा लिहिला, तो खरोखर चकतीवर उतरला याची खात्री केली, मग त्याच्या लगतचा पुढचा लिहायचा, तर तोवर ती जागा डिस्कच्या लिहिणाऱ्या मुंडक्याखालून निघून गेलेली असते. ती परत येईपर्यंत जवळजवळ एक पूर्ण फेरा थांबावं लागतं. कधी दोन फेरे, त्यात मुंडक्याची इकडून तिकडे धाव. म्हणजे एकामागून एक, खात्री करत लिहायचं तर सेकंदाला १२० च्या वर जाताच येत नाही, आणि फाइल सिस्टीमची स्वतःची नोंद धरली तर त्याहून बरंच खाली. नव्या कर्नेलचा आकडा सेकंदाला ४१ होता. तो मंद नव्हता. फिरत्या चकतीला जे जमतं तेवढाच होता.

जुन्या कर्नेलचा आकडा मात्र सेकंदाला अकराशेच्या वर होता. १२० फेऱ्यांत ११०० खात्रीची लिखाणं. हे होऊच शकत नाही. इतकी वर्षं रोज संध्याकाळी जो वेग बघून आम्ही सगळे समाधानी होतो, तो वेग त्या डिस्ककडे असणं शक्यच नव्हतं. मग तेव्हा "पोचलं" असं उत्तर कोण देत होतं?

दोन्ही कर्नेलांवर एकेकदा मशीन सुरू करून, कुठली फाइल सिस्टीम कुठल्या अटींवर जोडली आहे ते सांगणाऱ्या /प्रॉक/माउंट्स फाइलची नक्कल घेतली आणि शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. डेटाबेसच्या विभाजनाची ओळ दोन्हीकडे सारखीच होती, एका शब्दाचा फरक सोडून. नव्या ओळीत "बॅरियर=१" होतं. जुन्या ओळीत तो शब्दच नव्हता.

रविवारी संस्था बंद असताना, आधी पूर्ण बॅकअप घेऊन, चारही जोड्या करून पाहिल्या. जुनं कर्नेल जसं होतं तसं: ०.९ सेकंद. जुनं कर्नेल, पण माउंट करताना, म्हणजे फाइल सिस्टीम जोडताना, बॅरियर=१ सांगून: २५ सेकंद. नवं कर्नेल बॅरियर=१: २४. नवं कर्नेल बॅरियर=०: पुन्हा एका सेकंदाच्या आत. नंतर आणखी एक केलं. जुन्या कर्नेलवर, बॅरियर नसताना, एचडीपार्म ही आज्ञा वापरून दोन्ही डिस्कांची स्वतःची राइट कॅशे, म्हणजे लिखाण तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी, बंद केली. वेग तिथंही कोसळला. कर्नेल निर्दोष होतं. फरक फक्त न सांगता काय गृहीत धरायचं, याचा होता.

बॅरियर म्हणजे काय, हे मी मॅनेजरांना त्यांच्याच दप्तराच्या भाषेत सांगितलं आणि त्यांना लगेच कळलं, म्हणून इथंही तसंच सांगतो. ईएक्सटी-३ सारखी फाइल सिस्टीम आधी जर्नलमध्ये लिहिते, मग मूळ जागी. जर्नल म्हणजे तिची रोजकीर्द, मूळ जागा म्हणजे खतावणी. रोजकीर्दीतल्या नोंदी पूर्ण झाल्या की शेवटी एक छोटी नोंद पडते, ती म्हणजे सही. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना फाइल सिस्टीम रोजकीर्द उघडते. सही असेल तर त्या नोंदी खऱ्या मानते आणि खतावणीत उतरवते, सही नसेल तर सोडून देते. या सगळ्याची भिस्त एकाच गोष्टीवर असते: सही नोंदींच्या नंतरच पडली पाहिजे.

आता डिस्कच्या आत बसलेल्या कारकुनाचा विचार करा. प्रत्येक डिस्कला स्वतःची थोडी मेमरी असते, आमच्या डिस्कांना ३२ एमबी होती. कागद हातात आला की हा कारकून लगेच "ठेवला" म्हणतो. प्रत्यक्षात तो कागद हातातच धरतो आणि चकतीवर जाताना वाटेत सोयीचं पडेल त्या क्रमानं ठेवत जातो. एरवी यात काही वाईट नाही, वेग त्यामुळंच येतो. पण वीज गेली की हातातले कागद नाहीसे होतात. शिवाय सही आधी पोचलेली आणि नोंदी हातातच राहिलेल्या, असंही घडू शकतं. बॅरियर म्हणजे कर्नेलनं त्या कारकुनाला अधूनमधून दिलेली आज्ञा: हातातलं सगळं आधी कपाटात ठेव, मला दाखव, मगच पुढचा कागद घे. ही आज्ञा दिली की फेऱ्यांचा वेळ मोजावाच लागतो.

ईएक्सटी-३ मध्ये ही सोय आधीपासून होती, पण सांगितल्याशिवाय चालू होत नव्हती. २००८ च्या मे महिन्यात कर्नेलवाल्यांमध्ये यावर मोठी चर्चा झाली. लिनक्सच्या रेड हॅट कंपनीतले एरिक सँडीन यांनी ती आपोआप चालू असावी असा बदल सुचवला. अँड्र्यू मॉर्टन यांचा विरोध होता, कारण पूर्वी तसं करून पाहिल्यावर पुष्कळ कामं ३० टक्क्यांनी मंदावली होती. तेव्हा ख्रिस मेसन यांनी एक प्रोग्राम लिहून, बॅरियर नसताना वीज तोडली तर ईएक्सटी-३ बिघडते, हे करून दाखवलं. सुसे कंपनीनं आपल्या लिनक्स वितरणात बॅरियर आधीच चालू ठेवले होते. एक्सएफएस आणि ईएक्सटी-४ या दुसऱ्या फाइल सिस्टीमांत ते न सांगताही चालू असत. ईएक्सटी-३ साठी मुख्य कर्नेलमध्ये हा बदल आला तो ३.१ मध्ये, ऑक्टोबर २०११ ला. मी २.६.३२ वरून थेट ३.२ वर उडी मारली आणि ती पायरी न बघता ओलांडली.

कागदावर पटलं म्हणून मन मानेना. घरी एक जुनं मशीन होतं, त्यात तशाच जातीची ७,२०० आरपीएमची डिस्क टाकली. पायथॉनमध्ये दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला. तो १, २, ३ असे आकडे फाइलमध्ये लिहितो, प्रत्येकाला एफसिंक (एफडेटासिंकसारखीच विनंती) करतो, कर्नेलकडून "पोचलं" असं उत्तर आलं की तोच आकडा नेटवर्कवरून माझ्या लॅपटॉपला कळवतो. लॅपटॉपनं ऐकलेला आकडा डिस्कवर असलाच पाहिजे, कारण पोचल्याचा शब्द मिळाल्यावरच तो कळवला गेलाय. प्रोग्राम चालू असताना भिंतीतून वायर उपसायची, मशीन पुन्हा सुरू करायचं आणि दोन्हीकडचा शेवटचा आकडा बघायचा.

बॅरियर=० ठेवून पाच वेळा वायर उपसली. पाचपैकी चार वेळा लॅपटॉपकडं जास्त आकडे निघाले आणि डिस्कवर कमी. एका खेपेला सहाशेहून जास्त आकडे नव्हते. लॅपटॉपला त्यातला प्रत्येक आकडा "पोचला" म्हणून कळवलेला होता.

बॅरियर=१ ठेवून पाच वेळा उपसली. पाचही वेळा एकही आकडा कमी नाही.

चौथ्या-पाचव्या खेपेला माझे हात थोडे थरथरत होते. कारण वायर उपसता उपसता मला गेल्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ आठवली होती.

जुलै २०१२. जोराचा पाऊस, त्यात सात वाजता वीज गेली. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली, तिनं दोन मिनिटंही तग धरला नाही आणि सर्व्हर बसला. त्याच वेळी एका एजंटचं मशीन नुकतंच उतरवून झालं होतं. पडद्यावर पूर्ण झाल्याचा संदेश आलेला, मशीन रिकामं झालेलं. वीज आल्यावर बघतात तर सर्व्हरवर त्याच्या १४ पावत्या कमी. त्याच्या हातात रोकड पूर्ण होती, गिऱ्हाइकांकडे छापील पावत्या होत्या, पण मशीनमध्ये काहीच उरलं नव्हतं. पुढचे दोन दिवस तो पावसात दुकानोदुकानी फिरून पावत्यांचे नंबर लिहून आणत होता. एका भाजीवाल्या मावशींची पावती भिजून गेली होती, ती त्यानं तिच्या पासबुकावरून आणि स्वतःच्या आठवणीवरून भरली. तो एकच गोष्ट सांगत होता, "मशीन नीट जोडलं होतं. पडद्यावर झालं म्हणून आलं होतं." मला विचारलं गेलं तेव्हा मी लॉग पाहिले, पोस्टग्रेसमध्ये कुठलीही चूक दिसली नाही, आणि मी तसं सांगितलं. दप्तरात शेरा पडला: मशीन व्यवस्थित न जोडल्यामुळे १४ पावत्या चढल्या नाहीत.

नवीन कर्नेल टाकल्यानंतरच्या दुसऱ्या संध्याकाळी मी काउंटरमागे उभा होतो तेव्हा तोच एजंट रांगेत होता. बाकीचे वैतागले होते. तो मला म्हणाला होता, "साहेब, वेळ लागला तर लागू द्या, पण पावती जाऊ देऊ नका." तेव्हा मी मान हलवून पुढच्या माणसाकडं वळलो होतो.

जुलैत नेमकं हेच घडलं असं शपथेवर सांगता येणार नाही. त्या क्षणी डिस्कच्या पोटात काय होतं याचा पुरावा कुठंच उरत नाही. पण पडद्यावर "झालं" आणि डिस्कवर नाही, हे त्या सर्व्हरवर घडू शकत होतं, आणि मी ते अशक्य धरून उत्तर दिलं होतं. डिस्क दोन होत्या, एकीवर दुसरीची नक्कल होती, त्यामुळं काही जाणार नाही असा माझा समज होता. एक डिस्क मेली तर दुसरी वाचवते हे खरं. पण वीज जाते ती दोघींची एकदम, आणि दोघींच्या हातातले कागद एकदमच जातात.

सोमवारी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीशी बोललो. त्यांच्या माणसानं फोनवर दोन उपाय सांगितले. एक तर एफएसटॅब या माउंटच्या अटींच्या फाइलीत बॅरियर=० घाला, नाही तर पोस्टग्रेसच्या मांडणीत एफसिंक बंद करा. दोन्हींनी रांग त्याच संध्याकाळी मिटली असती. मॅनेजरांचाही कल तिकडंच होता आणि त्यांना दोष देता येत नाही, रोज शिव्या त्यांनाच पडत होत्या. बॅटरी असलेलं रेड (आरएआयडी) कार्ड, म्हणजे डिस्क सांभाळणारं वेगळं कार्ड, बसवलं असतं तर बॅरियर बंद ठेवायला माझी हरकत नव्हती, कारण त्या कार्डाच्या मेमरीतलं लिखाण वीज गेल्यावरही टिकतं. पण त्याचा खर्च त्या वर्षी मंजूर होण्यासारखा नव्हता. नुसत्या यूपीएसवर मी भरवसा ठेवायला तयार नव्हतो. जुलैतली बॅटरी सगळ्यांनी पाहिली होती, आणि झाडताना कुणाचा पाय वायरीत अडकला किंवा आतला पॉवर सप्लाय जळाला, तर यूपीएस काय करणार?

मी घरचं ते मशीन आणि लॅपटॉप घेऊन मॅनेजरांच्या टेबलावर मांडलं. प्रोग्राम सुरू केला, बॅरियर=० ठेवलं आणि वायर त्यांच्याच हातात दिली. त्यांनी उपसली. मशीन सुरू होईपर्यंत आम्ही चहा घेतला. मग दोन्ही आकडे समोर ठेवले. ते बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे हे दोनशे लोक आपल्याला पैसे देऊन गेले, आपण पावती दिली, आणि आपल्याकडं नोंद नाही." मी म्हटलं, "हो." त्यानंतर बॅरियर बंद करायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. सॉफ्टवेअरच्या कंपनीला त्यांनी स्वतः पत्र लिहिलं.

खरा इलाज सॉफ्टवेअरमध्येच होता, आणि तो साधा होता. एका एजंटच्या सगळ्या पावत्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळ्या पक्क्या होतील नाही तर एकही नाही अशा गठ्ठ्यात, घ्यायच्या, शेवटी एकच कमिट. १,२०० वेळा डिस्कची खात्री करण्याऐवजी एकदाच करायची. हेच हिशेबाच्या दृष्टीनंही बरोबर होतं. आधीच्या रचनेत वीज मध्येच गेली तर पावतीची नोंद पडलेली आणि शिल्लक न वाढलेली, असं अर्धवट राहू शकत होतं, मग बॅरियर असो वा नसो. मी आणखी एका बदलाचा आग्रह धरला: मशीन रिकामं करण्याची आज्ञा त्या शेवटच्या कमिटचं उत्तर आल्यानंतरच जायला हवी. आधी ती शेवटची पावती पाठवून झाली की लगेच जात होती.

कंपनीनं बदल द्यायला अकरा दिवस घेतले. तोवर आम्ही एजंटांना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा वाटून दिल्या आणि एकाऐवजी तीन संगणकांवर मशीन जोडायची सोय केली. तिघांची एकदम चढवली तरी प्रत्येकाचा वेळ तिप्पट होत नव्हता, हे बघून बरं वाटलं. एकाच वेळी थांबलेल्या कमिटांना पोस्टग्रेस कधी कधी एकाच एफडेटासिंकमध्ये पार नेतं, हे पुस्तकात वाचलं होतं, इथं डोळ्यांनी पाहिलं. यूपीएसच्या बॅटऱ्याही त्याच आठवड्यात बदलून घेतल्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवीन आवृत्ती बसली. बॅरियर=१ तसंच ठेवून पहिलं मशीन जोडलं. २३० पावत्या, दीड सेकंद. कॅशियर ताईंनी विचारलं, "सगळ्या चढल्या ना नक्की?" मी त्यांच्यासमोर मोजून दाखवल्या. दिवसअखेरच्या कामात हजार-हजार खात्यांचे गठ्ठे करून कमिट लावलं होतं, ते पुन्हा दोन मिनिटांच्या आत आलं. ३१ मार्चची रात्र साडेअकराला संपली.

त्याआधीच एका दुपारी मी मॅनेजरांकडं जुलैचं दप्तर मागितलं. तो शेरा दाखवला आणि माझं त्या वेळचं उत्तर अपुरं होतं, हे त्यांना सांगितलं. लेखी द्या म्हणाले, मी लेखी दिलं. त्यांनी जुन्या शेऱ्याखाली लाल शाईनं लिहिलं: सर्व्हरच्या मांडणीतील दोष नंतर आढळून आला आहे, सदर पावत्यांबाबत एजंटची चूक असल्याचा कोणताही पुरावा नाही. खाली तारीख घातली, सही केली, शिक्का मारला. संध्याकाळी तो एजंट आला तेव्हा त्या पानाची झेरॉक्स त्याच्या हातात दिली. त्यानं ती दोनदा वाचली, चार घड्या घातल्या आणि मशीनच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मग मशीन जोडलं, आणि पावत्या चढेपर्यंत पडद्याकडं बघत उभा राहिला.